खदानीतलं निळं

मेंढीचे खूर निळे कसे असतील, हा प्रश्न मला चितेगावच्या पुढं पैठण रोडवर पडला. आमच्या स्कूटरपुढून एक कळप रस्ता ओलांडत होता आणि एकजात सगळ्या मेंढ्यांच्या खुरांवर निळसर हिरवी झाक होती. आकाश, म्हणजे माझा नवरा, हॉर्न वाजवत राहिला. मी उतरून कळपामागच्या बाईंना गाठलं.

मी शाळेत विज्ञान शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी दगड गोळा करत हिंडते. घरात गॅलरीपासून कपाटापर्यंत दगडच आहेत. आकाश त्यावर जे बोलतो, ते मी या कानानं ऐकते आणि त्या कानानं सोडून देते. आमच्याकडच्या काळ्या दगडात पांढरे स्फटिक मिळतात, नशीब असेल तर पोपटी. तांब्याचे निळे-हिरवे खडे हवे असतील तर राजस्थान गाठायचं. त्यामुळं ते खूर बघून माझ्या तोंडाला पाणी सुटलं, हे कबूल करते.

बाईंचं नाव बानाबाई. नवरा वारलेला, शेत नाही, दोन मुली आश्रमशाळेत. जे काही होतं ते या बासष्ट मेंढ्या. त्यांनी सांगितलं, की पलीकडं बंद पडलेली दगडाची खदान आहे आणि तिच्या पाण्यात उभं केलं की सडलेले खूर बरे होतात. मेंढ्यांचे पाय मोरचुदाच्या पाण्यात बुडवतात तसंच हे, फक्त फुकटचं. शिवाय तिथले दगड मेंढ्यांना आवडतात, मीठ चाटावं तसे चाटतात. मला गंमत वाटली. मी ते वहीत लिहूनही घेतलं.

खदानीत उतरले आणि मला कशाचंच भान राहिलं नाही. पाण्याच्या कडेनं दगडांवर निळ्याशार खड्यांचा थर होता, त्याखाली मोरपंखी, त्याखाली हिरवा. छिन्नी-हातोडी काढून मी एक अख्खी कपार खरवडून घेतली. पाण्यावर एक किडा नव्हता. काठाला शेवाळ नव्हतं. ऐन उन्हाळ्यात पाण्याचा साठा असून तिथं एक पाखरू उतरत नव्हतं. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी खडे निवडत बसले होते.

निघताना मी बानाबाईंना बाजूला घेतलं. "ही जागा कुणाला सांगू नका. कुणालाच. दगड विकणाऱ्यांना कळलं तर चार दिवसांत साफ करतील."

"नाय सांगत, बाई," त्या म्हणाल्या. "शबुद दिला."

घरी आल्यावर मी एक टिपण लिहायला घेतलं, जिल्ह्यात सापडलेल्या तांब्याच्या खनिजांबद्दल. खाली स्वतःचं नाव आधीच टाकलं होतं. आठवड्याभरात ट्रेमधले खडे कडेनं पांढुरके झाले, बोट लावलं की भुकटी पडायची. तुझा खजिना विटायला लागला, असं आकाश म्हणाला. मी त्याच्यावर उखडले आणि दोष उन्हाळ्याला दिला.

तीन आठवड्यांनी मी एकटीच परत गेले. खरवडलेली कपार शोधली, ती सापडेना. मग लक्षात आलं, की मी तिच्यासमोरच उभी आहे. तिच्यावर बोटभर जाडीचा नवा निळा थर चढला होता. दगड असा तीन आठवड्यांत वाढत नाही.

छिन्नीला माती लागली होती म्हणून ती पाण्यात बुडवून धरली. बाहेर काढली तर लोखंड तांबूस झालं होतं. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट; त्याच्या पाण्यात खिळा बुडवला की त्यावर तांबं चढतं, हे मी वर्गात दरवर्षी करून दाखवते. वर बघितलं. रस्त्याकडच्या काठावरून निळा ओघळ खाली आला होता आणि काठावर टँकरच्या चाकांचे ताजे माग होते. कुठल्या तरी कारखान्याचं पाणी कुणीतरी इथं आणून ओतत होतं. बानाबाईंनी पहिल्याच दिवशी मोरचुदाचं नाव घेतलं होतं आणि मला त्यातून कळलं काहीच नाही.

तिथंच उभं राहून फोनवर शोधलं. मेंढीला तांबं सोसत नाही. ते यकृतात साठत जातं, कित्येक महिने मेंढी धडधाकट दिसते, आणि मग एक-दोन दिवसांत कावीळ होऊन मरते.

कळप जवळच्या एका शेतात लेंडीखतासाठी बसवला होता. मी धावतच गेले. बानाबाई एका मेंढीचं तोंड मांडीवर घेऊन बसल्या होत्या. परवा एक मेली होती, काल एक. दोघींची लघवी कोऱ्या चहासारखी झाली होती. जनावरांचा डॉक्टर येऊन सुया टोचून गेला होता, त्याला रोग कळला नव्हता.

"डाक्टरनं तीनदा इचारलं, पाणी कुठलं पाजता," त्या म्हणाल्या. "म्या म्हणलं, कॅनॉलचं. तुमाला शबुद दिला व्हता ना."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खदानीतलं पाणी विषारी आहे, हे मी जेमतेम सांगू शकले. त्या ओरडल्या नाहीत. निदान चार शिव्या तरी द्यायला हव्या होत्या.

"आज सकाळी बी मेंढरं तितंच नेली व्हती," एवढंच म्हणाल्या.

बानाबाईंकडून नंबर घेऊन मी डॉक्टरला फोन लावला आणि सगळं खरं सांगितलं, माझं शब्द घेणंही. तो म्हणाला, औषध घेऊन पैठणहून निघतो, तोवर मेंढ्या हाकू नका, घाबरवू नका, प्रत्येकीची खालची पापणी ओढून बघा. पापणी आतून पिवळी असेल त्या मेंढीचा मला भरवसा देता येणार नाही.

आम्ही कडेपासून सुरुवात केली. मी तोंड धरायचे, बानाबाई पापणी ओढायच्या. पहिलीची पापणी आतून गुलाबी होती, दुसरीचीही. मला थोडं हायसं वाटलं. तिसरीपासून पिवळ्या लागल्या, आणि मग पिवळ्याच लागत गेल्या. अकराव्या मेंढीपाशी बानाबाई थांबल्या. तिला त्यांनी नावानं हाक मारली, तिच्या कपाळावरून हात फिरवला, आणि पापणीला हात न लावता तिच्याजवळ बसून राहिल्या.