सासूच्या उशाखालची चावी

सुनेची एक खोड मालकीणबाईंच्या डोक्यात जायची. वाचता वाचता मध्येच थांबायचं, घसा खाकरायचा, पाण्याचा घोट घ्यायचा, मग पुढे. जणू पुस्तक वाचत नाही, विहीर खणतेय.

दुपारी शिवणखोलीतली मशिनं बंद असत. काज-बटणांचं हातकाम तेवढं चाले आणि सून सगळ्या बायकांना कादंबरी वाचून दाखवी. मालकीणबाईंना अक्षराला अक्षर जोडता येई, पण एका पानात दुपार सरे. कादंबरीतल्या सासूवर मात्र त्यांचा भारी जीव. नव्या सुनेच्या हातात कपाटाची चावी ठेवून ती म्हणाली होती, "आता तू बघ." मालकीणबाईंनी बायकांना ऐकवलं, "मोठेपणा याला म्हणतात." स्वतःच्या कपाटाची चावी त्यांच्या कनवटीला होती, पण तो विषय वेगळा.

मग त्या कादंबरीवर सिनेमा आला. मुलगा दोघींना घेऊन गेला. पडद्यावरची सासू चावी उशाखाली घेऊन झोपत होती, सुनेला साखर मोजून देत होती आणि मरतानाही तिची मूठ सुटेना. मालकीणबाई भर थिएटरात म्हणाल्या, "वाटोळं केलं मेल्यांनी. सोन्यासारखी बाई, पार कजाग करून टाकली."

"आई, सिनेमा म्हटलं की थोडाफार बदल व्हायचाच," मुलगा पुटपुटला. सून पायाच्या अंगठ्याकडे बघत बसली.

दुसऱ्या दिवशी शिवणखोलीत सिनेमावाल्यांची सालटी निघाली. "पुस्तक समजायला अक्कल लागते. कॅमेरा काय, कुणीही फिरवतं."

काजवाली बेरकी. म्हणाली, "पुस्तकात नेमकं काय आहे ते परत ऐकवा की."

सून दोरे आणायला गेली होती. पण बायकांसमोर माघार घेतील त्या मालकीणबाई कसल्या. त्यांनी फळीवरचं पुस्तक काढलं, सुनेने दुमडून ठेवलेलं पान उघडलं आणि ओळीखाली बोट धरलं. "सा... सूने... चा... वी... उ... शा... खाली..."

बोट थांबलं. बायकांनी माना खाली घालून एकदम काजं करायला घेतली. इतकी मन लावून त्यांनी आजवर केली नव्हती.

सून दारात आली, तिने उघडं पुस्तक पाहिलं आणि रिळांची पिशवी छातीशी धरली.

"पहिल्या दिवशी आहे तसंच वाचलं होतं, आई," ती हळूच म्हणाली. "तुमची सुई थांबली. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंत. मग मला... दुसरं सुचत गेलं."

मालकीणबाईंनी पुस्तक मिटलं, पदर सारखा केला. काजवालीच्या ओठाच्या कोपऱ्यातलं हसू त्यांनी एका नजरेत विझवलं.

"सिनेमावाल्यांना उगाच शिव्या घातल्या. खरा सिनेमा तर तू काढलास," त्या सुनेला म्हणाल्या. "चावी हवी होती तर माझ्याकडे तोंडानं मागायचीस, त्या बाईच्या उशाखालून कशाला काढलीस? मिळाली नसती, ती गोष्ट वेगळी. बस आता, आणि पहिल्यापासून आहे तसं वाच. तोंड माझं फाटकं आहे, कान नाहीत."