नाव घ्यायची पद्धत नाय

माज्या डोक्याची परीक्षा घ्यायला पोरानं मला कर्जतला नेलं. बापानं शाळेचं दार कधी दाखवलं नाय, आन बहात्तराव्या वर्षी थेट परीक्षा!

गुन्हा काय, तर मी दोनदा गॅस चालू ठेवला. बरं, तीनदा. आन एकदा दुधाच्या टोपाचा कोळसा केला. लगेच रसायनीवरून किरणचा फोन, "आई, तुजं डोकं दाखवू या." केमिकलच्या कंपनीत लागल्यापासून ह्याला सगळीकडं गळतीच दिसते. त्यानं अट घातली, पास झालीस तर पोशीरला एकटी रहा, नापास झालीस तर आमच्याकडं. त्याची दुसऱ्या मजल्यावरची खोली मला ठाऊक हाय. चार दिवसांत माणूस लोणच्यागत मुरतो तिथं. पोशीरला माजं घर हाय, परसात भाजी हाय, आन भांडायला शेजारची सोनुबाई हाय. मी नाय जायाची.

डॉक्टरीणबाई नातीच्या वयाची. "आजी, आज वार कोणता?"

"वार तुमच्या भिंतीवर टांगलाय की. शुक्रवार."

"शंभरातून सात वजा करत जा."

अगं बाई, नेरळच्या बाजारात चाळीस वर्षं भेंडी इकली मी! त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर. तीच म्हणाली, बास. मग तीन शब्द दिले सांभाळायला, चावी, कावळा, कपडा. जरा वेळानं परत मागितले. म्हटलं, "घे बाई तुजे. एकबी खर्चला नाय." घड्याळ काढायला लावलं. भाकऱ्या थापलेला हात माजा, गोल असा आला की बाई बघतच राह्यली. एवढं शिकून ह्या लोकांना घड्याळ आमच्याकडून काढून घ्यावं लागतं.

"शेवटचा प्रश्न. आजोबांचं नाव?"

किरण तोंड उघडणार तेवढ्यात तिनं त्याला गप्प केला.

आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नायत. ते होते तवर "अवो"वर भागवलं, गेल्यावर "किरणचे बाबा"वर. पण म्हटलं, मोतीबाई, पद्धत गेली चुलीत. नाव घे आन घरी चल.

तोंड उघडलं, आन नाव नाय.

त्यांची वाकडी टोपी आली. चुन्याची डबी आली. शिंकायच्या आधी डोळे बारीक करायचे, ते पण आलं. नाव नाय. मग लग्नातला उखाणा धरून बघितला. बांधावरची तूर आली भरात, अमुकरावांचं नाव घेते भोईरांच्या घरात. तूर आली, बांध आला, घर आलं. अमुकच्या जागी कायच नाय. लई भ्याले मी.

बाई गोड हसली. "कळलं हं आजी. माझी आजीपण नाव घ्यायची नाही. पूर्ण मार्क!"

एवढी शिकलेली पोर, आन लाजले म्हणून मार्क देते.

किरण माज्यापरीस खूश. गाडीत बसल्या बसल्या म्हणाला, "जिंकलीस, आई! चल पोशीरला."

गाडी रस्त्याला लागली तशी मी म्हटलं, "किरण, तुजं पुरं नाव सांग बघू."

"आता तू माजी परीक्षा घेतेस व्हय?" तो हसला. "किरण सहदेव भोईर."

सहदेव. मनातल्या मनात दोनदा म्हणून बघितलं. चांगलं नाव हाय. पण दुसऱ्याच कुणाच्या नवऱ्याचं वाटलं.

"घरी गेल्यावर माजी लुगडी पिशवीत भर," मी म्हटलं. "मग तुज्याकडं रसायनीला जाऊ."

त्यानं गाडी बाजूला घेतली. "अगं, पास झालीस ना तू!"

"त्यो शेवटचा मार्क माजा नाय, रं."