बोटाचं वजन

त्या दिवशीच्या चहाच्या सुट्टीत गुरुजींना मिळण्यासारखं फार काही नव्हतं. पॉलिशवाल्याच्या तोंडून एक "मानलं बुवा", मालकीणबाईंची एक कौतुकाची मान, आणि आपल्याला विचारल्याशिवाय इथे पाणीसुद्धा उकळत नाही ही जुनी खात्री आणखी एका दिवसापुरती पक्की. बस्स. एवढ्यासाठी माणूस किती खाली उतरेल, असं कुणी आदल्या दिवशी विचारलं असतं, तर त्यांनी नेहमीप्रमाणे वेळ घेऊन, सावकाश, साफ चुकीचं उत्तर दिलं असतं.

गुरुजी कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. वजनकाटे दुरुस्त करायच्या दोन खोल्या, पुढच्या खोलीत तीन बाकं, मागची गोदामाची, आणि या दोन खोल्यांत बत्तीस वर्षं काटे जुळवून झालेला एक माणूस. नाव पडलं ते अकराच्या चहामुळे. चहाबरोबर इथे शंका निघायच्या. आरशात डावं-उजवं उलटतं, मग वर-खाली का उलटत नाही? अर्धा कप उरला की चहा इतक्या लवकर कसा निवतो? गुरुजी प्रत्येक शंकेचं उत्तर देत. तीनपैकी दोन बरोबर असत. तिसरं कुणी तपासायला जात नसे, कारण ते बरोबर उत्तरापेक्षाही जास्त ठासून दिलेलं असे. दोन माणसांचा वाढदिवस एकाच तारखेला यायची निम्मी तरी शक्यता व्हायला किती माणसं जमावी लागतील, या प्रश्नावर त्यांनी तीनशे पासष्टचे सरळ दोन भाग करून एकशे त्र्याऐंशी सांगितले होते. तेवीस जमली तरी निम्म्याहून जास्त शक्यता होते हे त्या खोलीत एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तिने तेव्हा कपात बघत चहा संपवला होता.

ती त्यांची भाची. सख्ख्या बहिणीची मुलगी. दीड वर्षापूर्वी गुरुजींनीच तिला इथे आणलं होतं. हात स्थिर, डोकं थंड, आणि काट्याशी भांडण नाही. काटा काय म्हणतोय ते आधी ऐकून घ्यायची. गुरुजी चारचौघांत तिची स्तुती करत नसत, पण चार जण पांगले की करत. आतापर्यंत तिने जुळवलेल्या काट्याच्या पत्रकावर तिच्या सहीखाली गुरुजींची सही लागे. बाईंनी महिन्याच्या सुरुवातीला सांगून ठेवलं होतं, "औषधाच्या दुकानाचा तो बारीक काटा तू एकटीने जुळव. तो बिनतक्रार गेला की सोमवारपासून तुझी एकटीची सही चालेल." काटा सकाळीच जुळवून झाला होता. चार वाजता दुकानदार न्यायला येणार होता. म्हणजे त्या सहीत आणि तिच्यात पाच तास उरले होते.

"गुरुजी, एक शंका," पॉलिशवाला म्हणाला. पितळी वजनं घासून चकचकीत करणं हे त्याचं काम, आणि गुरुजींना शंका पुरवणं ही हौस. "काट्यावर पाण्याचं भांडं ठेवलंय. मी वरून पाण्यात बोट घातलं. तळाला टेकवलं नाही, कडेला लावलं नाही, नुसतं अधांतरी. तर वजन वाढेल का?"

गुरुजींनी चष्मा काढला. चष्मा निघाला म्हणजे प्रश्न सोपा, असा तिथला समज होता.

"बोट कुणाचं?"

"माझं."

"टांगलंय कशाला?"

"कशाला म्हणजे? हाताला."

"हात खांद्याला, खांदा धडाला, धड पायांवर आणि पाय जमिनीवर. मग बोटाचा भार जमिनीने घेतला. काट्याचा संबंध आला कुठे? जे पारड्याला टेकत नाही, ते पारड्यात नाही. पहिल्या दिवशी शिकवतो मी हे."

शिकवत होतेही. आणि नियम चांगला होता. बत्तीस वर्षांत त्याने कधी दगा दिला नव्हता, कारण बत्तीस वर्षांत पारड्यातल्या पाण्यात बोट घालायची वेळच आली नव्हती. काट्याचं काम न केलेला माणूस निदान थोडा घुटमळला असता.

"वाढेल, मामा," भाची म्हणाली.

तिला बोलायचं नसावं. तोंडून निसटलं.

"हो का? कसं ते ऐकू दे."

"बोटाचं वजन नाही येणार. पण पाणी बोटाला वर ढकलतं ना, म्हणून तर पाण्यात हात हलका लागतो. मग तेवढ्याच जोराने बोट पाण्याला खाली रेटणार. तो रेटा जाईल कुठे? भांड्यात, नि भांड्यातून काट्यात. बोटाने जेवढं पाणी बाजूला सारलं, तेवढ्या पाण्याचं वजन वाढेल."

"म्हणजे नदीत म्हैस उतरली की नदी जड झाली म्हणायची."

पॉलिशवाला हसला. गुरुजींच्या विनोदांना तो उधारीवर हसायचा, नीट कळायच्या आधी.

"होतच असेल," भाची म्हणाली. "पण नदीला कुणी काट्यावर ठेवत नाही."

यावर पॉलिशवाला जे हसला ते रोखीचं हसणं होतं. चहा नाकात गेला त्याच्या. गुरुजींना बोचलं ते हेच. उत्तराचं त्यांना काही वाटलं नव्हतं, उत्तर तर त्यांना चुकीचंच वाटत होतं.

मालकीणबाई कप घेऊन टेबलावरून उठून आल्या. "वाद कसला घालताय? काटे काय बाहेरून आणायचेत?"

सगळ्यांत जवळ होता तो औषधाच्या दुकानाचा. पॉलिशवाल्याने वाडग्यात पाणी आणलं. भाचीने वाडगा काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणला. गुरुजींनी बाही दुमडली. बोट त्यांनी स्वतःचंच घातलं, दुसऱ्याच्या बोटावर त्यांचा विश्वास नव्हता.

आठ ग्रॅम.

त्यांनी बोट वर घेतलं. शून्य, आणि ओल्या बोटाबरोबर गेलेल्या थेंबांपुरता शून्याच्या जरा खाली. पुन्हा घातलं. आठ. थोडं आणखी खाली नेलं, तळाला न टेकवता. अकरा. बोट जसं उतरत होतं तसा आकडा चढत होता, शहाण्या मुलासारखा, एकेक पायरी.

गुरुजींना पहिल्या आठ ग्रॅमलाच कळलं होतं. पुढे अनेकदा त्यांनी स्वतःची समजूत घालून पाहिली की त्या क्षणी खरंच शंका आली होती, पण ती समजूत काही बसली नाही. वाडग्यातलं पाणी बोटाबरोबर कडेला चढताना त्यांनी पाहिलं होतं. तळावर जास्त पाणी उभं राहिलं म्हणजे तळाला जास्त भार, इतकं सोपं होतं ते. कळायला एक क्षण लागला. पॉलिशवाल्याचं तोंड उघडायला दोन लागले असते. त्या मधल्या क्षणात गुरुजी बोलले.

"काटा भटकतोय."

इतर ठिकाणी हे साधं वाक्य असेल. इथे ते चाकूसारखं होतं. जाणत्या माणसाने काट्यावर संशय घेतला की काट्याला लाल चिठ्ठी लागायची, तो पुन्हा मुळापासून उघडायचा, आणि ज्याने जुळवला त्याला पुढचे सहा महिने एकट्याच्या सहीचा अधिकार नाही. हा नियम कुणा परक्याने केलेला नव्हता. गुरुजींनीच केला होता, फार वर्षांपूर्वी, आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

भाचीने वाडगा उचलला आणि दोनशे ग्रॅमचं वजन ठेवलं. काट्याने दोनशे दाखवले. शंभरचं ठेवलं. शंभर.

"भटकणारा काटा मधूनमधून बरोबरही दाखवतो," गुरुजी म्हणाले. हेही खरं होतं. लबाडीला आधार द्यायला एखादं खरं वाक्य लागतंच, आणि गुरुजींकडे खऱ्या वाक्यांचा साठा मोठा होता. "औषधाचं दुकान आहे. उगाच कुणाच्या जिवाशी खेळ नको."

बाईंनी भाचीकडे पाहिलं, मग गुरुजींकडे. बत्तीस वर्षांविरुद्ध दीड वर्ष. त्यांनी खणातून लाल चिठ्ठी काढली. दुकानदाराला फोन गेला की उद्या या.

"बरं, मामा," भाची म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर गुरुजींना धरायला काहीतरी मिळालं असतं.

जेवणानंतर गुरुजी गोदामात गेले. दार लोटून घेतलं. दुरुस्तीला आलेले काटे मांडणीवर ओळीने होते. त्यांनी बादली भरली, एक डबा घेतला आणि एकेका काट्यावर डबा ठेवून बोट बुडवत गेले. पहिला वाढला. दुसरा वाढला. तिसऱ्याचे आकडे मिणमिणते होते, पण वाढला. शेवटी जुना दोन पारड्यांचा तराजू घेतला, त्याला तर वीजही लागत नव्हती. एका पारड्यात डबा, दुसऱ्यात वजनं, काटा मधोमध. गुरुजींनी बोट घातलं. पारडं अदबीने खाली गेलं. मग त्यांनी अख्खी मूठ बुडवली, जणू पुरेशी मोठी चूक केली तर ती बरोबर ठरेल. पारडं ठक्क करून बुडाला टेकलं आणि बाही कोपरापर्यंत भिजली. साठीला टेकलेला माणूस बंद दाराआड डब्यात हात घालून उभा होता, आणि त्याला बघायला कुणी नव्हतं हा त्या दिवशीचा एकच नफा.

बाहेर आले तर भाचीच्या बाकावर तो काटा उघडा पडला होता. स्क्रू ओळीने मांडलेले, झाकण बाजूला. सगळं पाहून झालं होतं तिचं. दोष नव्हता, असणार कुठून? पण लाल चिठ्ठीचा काटा दोषाशिवाय बंद करता येत नसे. ज्याने उघडला त्याने नोंदवहीत स्वतःच्या हाताने दोष लिहायचा आणि खाली नाव घालायचं.

"मामा," ती खालच्या आवाजात म्हणाली, "काय लिहू?"

तिला माहीत होतं. गुरुजींना कळलं की तिला माहीत आहे. तिने विचारलं ते कोंडीत पकडायला नव्हे. तिने मामांना दार उघडून दिलं होतं. 'लिहू नको, थांब, मी बाईंशी बोलतो' एवढं म्हणायचा अवकाश होता. बाई पाच पावलांवर फोनवर बोलत होत्या. पॉलिशवाला घासायचं थांबून इकडेच कान देऊन होता.

"लिही," गुरुजी म्हणाले, "एका कोपऱ्यात फरक." वजन मधोमध ठेवलं तर बरोबर, एका कोपऱ्यात सरकवलं तर चूक, असा तो दोष.

तिने लिहिलं. अक्षर सुरेख होतं तिचं. एका कोपऱ्यात फरक. जुळवताना तपासायचा राहिला. दुसरं वाक्य तिने आपणहून घातलं, कारण त्याशिवाय पहिलं कुणाला पटलं नसतं. खाली नाव.

संध्याकाळी घरी पोचतात तोच बहिणीचा फोन. गुरुजींनी दोनदा वाजू दिला.

"दादा, पोरीने सांगितलं मला," बहीण म्हणाली. "चूक झाली म्हणे तिच्या हातून. तू वेळेवर पकडलीस म्हणून निभावलं. औषधाचा काटा तो, नाहीतर काय होऊन बसलं असतं."

"अगं, तसं काही..."

"आपलं माणूस वर असलं की असं. परक्याने सांभाळून घेतलं नसतं. तिचे बाबापण म्हणत होते, दादा आहे म्हणून आपल्याला घोर नाही."

गुरुजी "हं" म्हणाले. मग आणखी एकदा "हं" म्हणाले. जेवताना बायकोने विचारलं की बाहीवर हे पाण्याचे डाग कसले, तर म्हणाले, नळ गळत होता.

रात्रभरात त्यांनी ठरवलं. सकाळी लवकर गेले. भाची आधीच आलेली होती, काट्याचं झाकण पुसत होती. अजून कुणी आलं नव्हतं.

"मी बाईंना सांगणार आहे," गुरुजी म्हणाले. "काटा नीट होता. वजन वाढतंच. तू म्हणालीस तेच बरोबर."

"नका सांगू, मामा."

"का?"

"काटा नीट होता म्हणालात तर बाई वही उघडतील. वहीत दोष लिहिलाय. अक्षर माझं आहे." तिने फडक्याची घडी केली. "चुकून फरक राहिला तर सहा महिने. नसलेला दोष लिहिला तर नोकरी. तुम्हीच सांगितलं होतं मला, पहिल्या आठवड्यात."

याला उत्तर होतं. गुरुजींना ते ठाऊकही होतं. 'मीच तिला लिहायला लावलं.' एका दमात म्हणून होणारं वाक्य. ते म्हटलं की वहीचं ओझं तिच्या अक्षरावरून उतरून गुरुजींच्या बत्तीस वर्षांवर येत होतं, आणि भाचीने ते वाक्य मुद्दामच सुचवलं नव्हतं. मामांना ते स्वतःहून सुचतं का, यासाठी ती क्षणभर थांबली. घडी घातलेलं फडकं तिने पुन्हा उलगडलं, पुन्हा घडी घातली.

"तू म्हणतेस तेही खरंच," गुरुजी म्हणाले.

आणि छातीवरचा दगड उतरल्यासारखं त्यांना वाटलं. त्या सगळ्या प्रकरणात त्यांना पुढे सगळ्यांत जास्त छळलं ते हे वाटणं. खोटं बोलले तेव्हा क्षणाची घाई होती, लिहायला लावलं तेव्हा लोकांची भीती होती. पण हे हायसं वाटणं सकाळच्या प्रकाशात, शांतपणे, कुणी बघत नसताना वाटलं होतं. त्याला कसली सबब लागू पडेना.

बाई आल्या. त्यांनी काटा तपासला, पत्रकावर भाचीच्या सहीखाली गुरुजींनी सही केली. दुकानदार काटा घेऊन गेला.

आठवडा गेला. अकराचा चहा झाला. पॉलिशवाल्याने नवी शंका काढली. "ग्लास काठोकाठ भरलाय, वर बर्फाचा खडा तरंगतोय. बर्फ वितळला की पाणी सांडेल का?"

गुरुजींनी चष्मा काढला नाही. "हिला विचार," ते म्हणाले. "हिला येतं हे."

तिला येत होतं. तोंडावर दिसत होतं. तिने कपाची कडा अंगठ्याने पुसली.

"मला नाही माहीत," ती पॉलिशवाल्याला म्हणाली. "मामांनाच विचार."

"बघा," पॉलिशवाला खूश होऊन म्हणाला, "शेवटी गुरुजी ते गुरुजी."

तर गोळाबेरीज अशी. दुकानदाराचा एक दिवस खोळंबला. बाईंची एक लाल चिठ्ठी खर्ची पडली. पॉलिशवाल्याला काही द्यावं लागलं नाही, उलट त्याचा गुरुजींवरचा विश्वास वाढला. गुरुजींनी आठ ग्रॅम द्यायचे नाकारले आणि त्यांच्या जवळचं सगळं त्यांच्याजवळच राहिलं, नाव, बाक आणि शब्द. सहा महिने भाचीने भरले. आणि ते संपल्यावरही, सही मिळाल्यावरही, चहाच्या वेळी गप्प बसून ती भरतच राहिली.