दिवसाचं पहिलं जेवण

“दिवसाचं पहिलं जेवण झालं की लगेच ही गोळी. रिकाम्या पोटी मुळीच नाही.” डॉक्टरांचं हे जपानी बोलणं शैलेंद्रने मराठीत सांगितलं होतं आणि त्याच्या बायकोने, पद्मिनीने, ते गाठीशी बांधून ठेवलं होतं.

सांधे सुजले म्हणून दिलेली स्टिरॉइडची गोळी सोळा दिवस तिने नेमाने घेतली. सूज उतरली, पण झोप उडाली ती उडालीच. अंथरुणावर डोळे टक्क उघडे, नि सकाळी जपाला बसलं की डुलक्या. काल तर आरतीत निरांजन हातातून सुटलं.

“बस झाली ती गोळी!” म्हणत ती सकाळी अकरालाच कावासाकी स्टेशनजवळच्या औषधांच्या दुकानात आली. सुट्टी होती म्हणून लेक श्रावणी सोबत.

“श्रावणी, या औषधवालीला सांग, देवाचं नाव घेताना माझी मान पडते. असलं औषध नको मला.”

“आई, झोप येत नाही एवढंच सांगते हं.”

दुकानातल्या फार्मासिस्ट मोरिता-साननी विचारलं, “गोळी किती वाजता घेता?”

“जेवल्यावर. संध्याकाळी साडेसातला,” पद्मिनीचं उत्तर श्रावणीने जपानीत सांगितलं.

“सकाळी काहीच खात नाही?”

“चातुर्मासात आईचं नक्त असतं,” श्रावणी अडखळत जपानीत समजावू लागली. “दिवेलागणीनंतर एकदाच जेवते. पहिलं जेवण तेच.”

मोरिता-साननी डॉक्टरांना फोन लावला. गोळी सकाळचीच होती. संध्याकाळी घेतली की झोप उडवते. मनाने बंद करणं तर धोक्याचं. आज आत्ताच काही खाऊन घ्यायची, उद्यापासून न्याहारीनंतर.

पद्मिनीची कानशिलं तापली. सोळा रात्री फुकट! “आणि आता व्रत मोडू? कार्तिकीपर्यंत शब्द दिलाय मी देवाला. यांना काय कळायचंय त्यातलं!”

“गेल्या वर्षी वीणामावशीला तूच सांगितलंस ना? पाणी, फळ, दूध नि औषध, यांनी व्रत मोडत नाही म्हणून. तिचा देव वेगळा आहे का?”

पद्मिनीने परत करायला आणलेली गोळ्यांची पट्टी पुन्हा पर्समध्ये ठेवली.

“रोज सकाळी घ्याल ना?” मोरिता-साननी हळूच विचारलं.

“हाय,” ती जपानीत पुटपुटली. होकार दिला खरा, पण चेहऱ्यावरचा वैताग तसाच.

शेजारच्या कोंबिनीतून, म्हणजे छोट्या किराणा दुकानातून, तिने दूध आणि दोन केळी घेतली. बाहेरच्या बाकावर बसून बाटलीतल्या पाण्याचे चार थेंब दुधाभोवती फिरवले, डोळे मिटून हात जोडले आणि केळं सोलायला घेतलं.