वाऱ्यात भरलेली बंदूक

तोबियास हेंकेलच्या दुकानातली भट्टी चांगली रसरसली होती, तरी सलोमेचे हात गारच होते. समोर मेजावर ठासणीच्या दोन बंदुका आडव्या ठेवल्या होत्या. एक तिच्या नवऱ्याची जुनी, चकमकीची; दुसरी दुकानातली, नव्या पद्धतीची, टोपीची.

“दाजी, आता विचार कसला करताय?” तिचा धाकटा भाऊ लेवी म्हणाला. “परवा तुमची चकमक तीनदा नुसती खटकली. हरीण उभं राहून बघत होतं. हसलं नाही एवढंच!”

सलोमेचा नवरा योस्ट दोन्ही बंदुकांकडे आळीपाळीने बघत होता.

बंदुका घडवणाऱ्या म्हाताऱ्या तोबियासने चिमटीत तांब्याची इवलीशी टोपी धरून दाखवली. “ही नळीच्या बुडाशी या बोंडावर बसवायची. घोडा पडला की बार. वाटीतली रंजक, म्हणजे पेटवायची दारू, भिजायची भीती नाही, वाऱ्याने उडायची नाही. जुनियाटा नदीपासून वरपर्यंत निम्म्या लोकांनी बदलून घेतल्यात. तुझ्या जुन्या बंदुकीलाच टोपीचा घोडा बसवून देतो.”

“बसवा मग,” योस्ट म्हणाला.

सलोमेची नजर त्याच्या उजव्या हाताकडे गेली. मागच्या जानेवारीत तो बर्फात वाट चुकला, तेव्हापासून त्याच्या उजव्या हाताची बोटं बधिर होती. हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. सदऱ्याची बटणं ती लावून द्यायची आणि दोघंही त्यावर बोलायची नाहीत. ही टोपी तर वाटाण्याहून लहान. हिवाळाभर चार मुलांच्या ताटात मांस पडायचं ते याच बंदुकीच्या भरवशावर. गप्प राहावं तर मुलं उपाशी, बोलावं तर भावासमोर नवऱ्याची मान खाली. तिने मनातल्या मनात देवाला विनवलं, शब्द दे, पण याला लागणार नाही असा दे.

“तोबियासकाका,” ती हळूच म्हणाली, “हरीण काही भट्टीपाशी येऊन उभं राहत नाही. बाहेर वाऱ्यात भरून बघू दे ना त्याला.”

“ताई, तुला बंदुकीतलं काय कळतंय?”

“वाऱ्यातलं कळतं. धुणं मीच वाळत घालते.”

तोबियास हसला आणि टोपीची बंदूक घेऊन बाहेर आला. योस्टने दारू ओतली, गोळी गजाने ठासली. मग टोपी घेतली. ती बर्फात पडली. दुसरी घेतली, तीही पडली. तिसरी बोंडापर्यंत पोचली आणि निसटली. लेवी हसायला लागला होता, पण योस्टचा चेहरा बघून थांबला. सलोमेला मान वर करवेना. आपणच याला उघडं पाडलं, असं तिला वाटलं.

“बोटांना काही कळत नाही रे, लेवी,” योस्ट सावकाश म्हणाला. “जानेवारीपासून. चिमटीत काही आहे की नाही, ते बघावं लागतं.”

“मग आधी बोलायचं, गाढवा!” तोबियास ओरडला. “तुझ्या मनातलं मला कसं कळणार?”

पाय आपटत तो आत गेला आणि स्वतःची चकमकीची बंदूक भरून घेऊन आला. योस्टने वाऱ्याकडे पाठ केली, रंजकीचं शिंग मुठीत धरून वाटीत चिमूटभर ओतलं आणि तळव्यानेच झाकण मिटलं. घोडा अंगठ्याच्या बुडाने ओढला. फक्क आणि धडाम! धूर विरायच्या आत तो पुन्हा भरू लागला. पाचदा भरली, पाचही वेळा उडाली.

मग तोबियासने योस्टची जुनी बंदूक उलटीसुलटी करून पाहिली. “चकमक आपटते त्या झाकणाचं पोलाद मऊ पडलंय. ठिणगी पडणार कुठून? चकमकीला उगाच शिव्या खाव्या लागल्या. पाणी देऊन कडक करून ठेवतो, उद्या घेऊन जा.”

“आणि पाऊस आला तर?” लेवीने विचारलं.

“वर चामडं बांधायचं,” योस्ट म्हणाला. “तू बांधशील. सशांचे फासेही यंदा तूच लाव, मला गाठीचा अंदाज येत नाही.”

“म्हणजे शिकार तुमची आणि हमाली माझी?”

“मागची एक तंगडी तुझी.”

“दोन्ही,” लेवी म्हणाला.

“बघू.”

ते ऐकून सलोमेला हसू फुटलं. आवरेना, तेव्हा तिने शालीचा पदर तोंडाशी धरला, तरी ते थांबलं नाही.