मला दया बसवलेली नाही

मित्रांनो, मी बुद्धिबळ खेळणारा एक जुना संगणक आहे. दिसायला पट, पोटात तारा. समोरच्याने सोंगटी हलवली, की माझी चाल लाल दिव्यांनी उमटते. माझा जन्म थंड देशातल्या कारखान्यात झाला आणि बोटीने मी क्यूबातल्या मातान्सास शहरी, एका बुद्धिबळ मंडळात आलो.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. "केवढं डोकं आहे याला!" असे एव्हारिस्तो न्हावी म्हणत. त्यांची बायको नेलिदा नाक मुरडून म्हणे, "हरल्यावर वाईट वाटतं का त्याला? मग कसलं डोकं!"

पुढे नवे संगणक आले आणि माझी रवानगी कपाटावर झाली.

मग एव्हारिस्तोंच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. त्यांना बरे वाटावे म्हणून मित्र घरी येऊन मुद्दाम हरू लागले. लिसांद्रो तर वजीर चक्क फुकट देई. एव्हारिस्तो फुगत गेले.

"डॉक्टरांनी छातीत अक्कलही बसवलीय!" ते एक दिवस म्हणाले. "शनिवारी चौकात हवानाच्या विजेत्याशी खेळणार मी. निरोप धाडलाय!"

सगळ्यांची पाचावर धारण बसली.

"चारचौघांत हसं होईल त्याचं," लिसांद्रो स्वयंपाकघरात कुजबुजला. "पण सांगणार कोण?"

"ज्याला लाजबीज नाही तो," नेलिदा म्हणाली. "मंडळातला तो डबा घेऊन ये."

मित्रांनो, तो डबा म्हणजे मी! तिने पदर नसल्याने झग्यानेच माझी धूळ पुसली. मी एव्हारिस्तोंचा घोडा मारला, मग हत्ती, आणि चुलीवरचा काळा घेवडा शिजायच्या आत मात केली. मला दया आली नाही. ती माझ्यात बसवलेलीच नाही.

लिसांद्रो पाणी आणायला धावला. एव्हारिस्तोंनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिले.

"म्हणजे तुम्ही सगळे... नालायकांनो!"

आणि ते टाके धरून हसत सुटले. "आजारपणात पहिल्यांदा कोणीतरी माझ्याशी खेळलं रे!"

हवानाला नकार गेला.

"बघ, आहे ना याला डोकं?" ते नेलिदाला म्हणाले.

"डोकं कसलं, म्हाताऱ्या? तू आजारी आहेस हेच कळलं नाही त्याला."

"म्हणून तर आवडला मला!"

तो वाद अजून चालू आहे. मी हुशार आहे की नाही, मला ठाऊक नाही. मित्रांनो, माझ्यासारख्याला धुळीत टाकू नका, एवढेच मागणे. आणि आजारी माणसाला सूप द्या, आंबे द्या. डाव मात्र फुकट देऊ नका.