केसांआडचा कान

शेंगदाण्यापेक्षा थोडं मोठं अंग आणि एक बारीक नळी, एवढाच माझा पसारा. मित्रांनो, मी एक जुनं श्रवणयंत्र आहे.

नऊ वर्षं मी एका पुस्तकं बांधणाऱ्या बाईंच्या डाव्या कानामागे काढली. कामावर त्या मला उघडपणे लावत. कागदाची सळसळ ऐकून म्हणत, "तुझ्यामुळे माझं जग बोलायला लागलं!" पण कुणा पुरुषाला भेटायचं असलं, की मोकळे केस माझ्यावर पडत. पूर्वी एकाने मला पाहिलं आणि लहान मुलाशी बोलावं तसा तो एकेक शब्द ओरडून बोलू लागला होता.

मग मैत्रिणीच्या ओळखीने एक लिफ्ट दुरुस्त करणारा त्यांना भेटायला आला. बाईंना समुद्र आवडतो, तर त्यालाही. त्यांना चहा कडक हवा, तर त्यालाही. तिसऱ्या भेटीपर्यंत मला वाटू लागलं, पाणी कुठेतरी मुरतंय. बाईंनाही तसंच वाटत असावं. चौथ्या भेटीत त्या मुद्दाम म्हणाल्या, "मला मांजरं मुळीच आवडत नाहीत."

"मलाही नाही!"

"मग पँटवर हे केस कुणाचे?"

तो कानापर्यंत लाल झाला. "माझ्या मांजरींचे. दोन आहेत. मागे भेटायला आलेल्या एका बाईला 'नाही' म्हणालो, तर ती उठून गेली. तेव्हापासून हो म्हणायची सवयच लागली."

बाईंनी केस मागे सारले. "मांजर माझ्याकडेही आहे. आणि हेही बघा. या कानाने मला कमी ऐकू येतं."

मी धास्तावलो. आता हाही ओरडणार!

"म्हणजे या बाजूने मी जे बोललो, ते..."

"अर्धंच कळलं."

"बरं झालं," तो हळूच म्हणाला. "त्यातलं निम्मं खोटंच होतं."

लगेच सगळं गोड झालं नाही, बरं का. पुढे कितीतरी दिवस त्याच्या प्रत्येक 'हो'वर बाई विचारायच्या, "नक्की?" मग एकदा तो म्हणाला, "नाही. हा सिनेमा भिकार होता." दोघं तासभर भांडले. त्या दिवशी बाईंनी केस वर बांधले होते, आणि माझा संशय पहिल्यांदा थोडा निवळला.

आता त्यांच्याकडे नवं यंत्र आहे. मी खणात पडून असतो. मित्रांनो, आम्हाला कोरडं ठेवा, मळ पुसत जा, लपवू मात्र नका. आणि कुणी तुमच्या प्रत्येक बोलण्यावर मान डोलावत असेल, तर त्याला काय आवडत नाही ते विचारा. उत्तराला वेळ लागेल. थांबा.